अँटिबायोटिक आणि दाद न देणारे जंतू: बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

मी बडोद्यात एका पॅथॉलॉजी लॅबच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. रक्त, लघवी, पू, थुंकी यांच्या नमुन्यांतून जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालेल ते डॉक्टरांना कळवायचं, हे रोजचं काम. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर इथली ओळखीची मंडळी गणपतीत, लग्नकार्यात, खंडेराव मार्केटात भाजी घेतानाही मोबाइलवर रिपोर्ट काढून दाखवतात आणि विचारतात. तेच प्रश्न इथे, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. ही उत्तरं वाचून कुणी चालू औषध परस्पर बंद करू नये किंवा बदलू नये. त्यासाठी तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

दोन-तीन वर्षांत मी अँटिबायोटिक घेतलेलंच नाही. मग माझ्या लघवीच्या रिपोर्टमध्ये निम्म्या औषधांपुढे 'रेझिस्टंट' कसं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. विचारणाऱ्याला वाटतं की रिपोर्ट आपल्याला दोष देतोय. तसं काही नाही. औषधाला दाद देत नाहीत ते जंतू. तुमच्या शरीराला औषधाची 'सवय' लागलेली नसते. आणि ते जंतू तुमच्या एकट्याचे नसतात.

लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा करणारा ई. कोलाय हा मुळात आपल्या आतड्यात राहणारा जंतू. तो तिथे येतो घरातल्या माणसांकडून, पाण्यातून, नीट न धुतलेल्या कोशिंबिरीतून, संडासातून आल्यावर घाईत धुतलेल्या हातांतून. शेजारच्या बिऱ्हाडात कुणी दर सर्दीला अँटिबायोटिक घेत असेल, तर त्यांच्या आतड्यात उरतात ते त्या औषधाला पुरून उरलेले जंतू. पुढे ते मलातून गटारात, गटारातून कुठे फुटलेल्या पाइपात, तिथून दुसऱ्याच्या घरात पोचतात. औषध एकाने घेतलं आणि रिपोर्ट दुसऱ्याचा बिघडला, असं रोज घडतं.

हे किती सहज घडतं ते नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाने दाखवलं. तिथल्या सुमारे दोन हजार प्रवाशांची शौचतपासणी प्रवासाआधी आणि परतल्यावर केली गेली. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या भागात, जाऊन आलेल्यांपैकी जवळजवळ ७५ टक्के लोक असे जंतू आतड्यात घेऊन परतले की ज्यांच्यावर तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन औषधं चालत नाहीत. सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्सोन ही त्यातलीच. यातले बहुतेक जण आजारी नव्हते, ठणठणीत होते. परतल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाला तो जंतू जाण्याची शक्यता सुमारे १२ टक्के निघाली. काही आठवडे राहून गेलेल्यांची ही गत, तर इथे जन्मभर राहणाऱ्यांच्या आतड्यात काय असेल ते वेगळं सांगायला नको.

स्वतः घेतलेल्या औषधाचा परिणाम असतोच. अँटिबायोटिक घेतल्यानंतर पहिला महिनाभर त्या माणसाच्या अंगावर दाद न देणारे जंतू सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि तो परिणाम बारा महिन्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणून चांगले डॉक्टर आधी विचारतात, "गेल्या काही महिन्यांत कोणती गोळी घेतली होती?" नाव आठवत नसेल तर जुनी चिठ्ठी नेऊन दाखवा.

हा रेझिस्टन्स तयार तरी कसा होतो? गोळीमुळे जंतू शहाणे होतात का?

गोळी जंतूंना काही शिकवत नाही, ती निवड करते. लाखो जंतूंच्या गर्दीत एखाद्या जंतूमध्ये मुळातच असा बदल असतो की औषध त्याच्यावर चालत नाही. औषध आलं की बाकीचे मरतात, त्याला मोकळं रान मिळतं. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. तेव्हा हे मोकळं रान भरायला किती वेळ लागेल याचा हिशेब तुम्हीच करा.

बचावाचे प्रकारही वेगवेगळे. काही जंतू औषध तोडून टाकणारं द्रव्य बनवतात, पेनिसिलिनच्या बाबतीत सर्रास होतं ते हेच. काही आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतात. काही स्वतःचा तो भागच बदलतात जिथे औषध चिकटतं. यापेक्षाही काळजीची गोष्ट म्हणजे हा गुण ते एकमेकांना देऊ शकतात. प्लास्मिड नावाच्या छोट्या डीएनए-कड्यावर अशी चार-पाच जनुकं एकत्र बसलेली असतात आणि ते कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जातं. त्यामुळे एक औषध विनाकारण वापरलं तरी त्याच्याबरोबर चार औषधांचा प्रतिरोध, म्हणजे रेझिस्टन्स, पसरतो. ज्याने कधीही जेंटामायसिन हे अँटिबायोटिक घेतलेलं नाही अशा माणसाच्या रिपोर्टवर जेंटामायसिनपुढेही 'आर', म्हणजे 'रेझिस्टंट', दिसतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

ही जनुकं माणसाने निर्माण केलेली नाहीत. तीस हजार वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही ती सापडली आहेत. पेनिसिलिन तोडणाऱ्या द्रव्याची नोंद १९४० साली झाली, म्हणजे पेनिसिलिन लोकांच्या हातात यायच्याही आधी. निसर्गात हे थोडं होतंच. आपण त्याला चारही बाजूंनी खतपाणी घातलं.

कल्चर रिपोर्टवर एस, आय, आर लिहिलेलं असतं. ते कसं ठरवतात?

कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून पाहणं. त्यासाठी एका गोल पारदर्शक बशीत फिकट पिवळसर जेली ओततो. तिच्यावर तुमच्या नमुन्यातला जंतू ठरावीक दाटपणाच्या द्रावणातून सगळीकडे सारखा फासतो आणि वर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतो, प्रत्येकीवर औषधाचं संक्षिप्त नाव. रात्रभर उबदार पेटीत ठेवलं की सकाळपर्यंत जंतूंचा सायीसारखा थर जमतो. जी चकती काम करते तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं, जी करत नाही तिच्या अगदी कडेपर्यंत साय येऊन भिडते. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, ठरलेल्या तक्त्याशी ताडायचा आणि अक्षर लिहायचं. एस म्हणजे नेहमीच्या डोसात औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. आय म्हणजे जास्त डोस दिला किंवा औषध त्या जागी दाट साठत असेल तर चालू शकेल.

हल्ली बऱ्याच ठिकाणी हे काम मशिन करतं, तत्त्व तेच आहे. बशी पाहताना एक गोष्ट मात्र अजूनही अंगावर येते. कधी कधी सगळ्या बशीभर सलग साय असते, एकाही चकतीभोवती वर्तुळ नसतं. असा नमुना मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूतून आला तर समजू शकतं. घरून चालत आलेल्या माणसाचा असतो तेव्हा हात थबकतो.

रिपोर्टवर पाच 'एस' असले म्हणून त्यातलं सर्वांत महाग किंवा सर्वांत 'स्ट्राँग' घ्यायचं असं मुळीच नाही. डॉक्टरने त्यातलं सर्वांत साधं आणि नेमकं निवडावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकचे तीन गट केले. नेहमी वापरायची साधी औषधं एका गटात, जपून वापरायची दुसऱ्यात, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची तिसऱ्यात. ॲमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्या, जपून वापरायच्या गटात आहेत. आणि २०१९ साली आपल्या देशात खासगी दुकानांतून सर्वांत जास्त खपलेली अँटिबायोटिक गोळी कोणती, तर ॲझिथ्रोमायसिन ५००.

नवरात्रीत गरबा खेळून घसा बसतो, ताप येतो. तीन दिवसांच्या ॲझिथ्रोने लगेच बरं वाटतं. मग ती चूक कशी?

कारण न घेताही तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटलंच असतं. घसादुखी, सर्दी, खोकला यांतले बहुतेक आजार विषाणूंचे असतात आणि अँटिबायोटिक विषाणूवर काही करत नाही. आजार उतरणीला लागतो त्याच सुमारास आपण गोळी घेतो आणि श्रेय गोळीला देतो. फ्लू, डेंग्यू, कोविड या सगळ्यांना हेच लागू.

कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हाही पक्का बसलेला गैरसमज. तो रंग आपल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि विषाणूच्या सर्दीतही येतो. साध्या सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, तेवढ्याने घाबरू नका. मात्र धाप लागणं, छातीत दुखणं, ताप उतरून पुन्हा चढणं, लहान मुलाचा श्वास जलद होणं, पाणीसुद्धा गिळता न येणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सर्दी-खोकला नसताना घसा खूप दुखतोय, गळ्यात गाठी आल्यात, टॉन्सिलवर पांढरं दिसतंय, तर तो स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग असू शकतो. मुलांमध्ये तो दुर्लक्षित राहिला तर पुढे हृदयाच्या झडपांवर जाऊ शकतो. तिथे अँटिबायोटिक लागतंच आणि जुनं पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन त्याच्यावर आजही चालतं.

डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले, तीन दिवसांत बरं वाटलं. कोर्स पूर्ण करायचाच का? अर्धा सोडला की रेझिस्टन्स होतो म्हणतात.

सांगितलेले दिवस पूर्ण करा. लवकर थांबवावंसं वाटलं तर डॉक्टरांना फोन करा. मात्र 'अर्धा सोडला म्हणून रेझिस्टन्स' हे वाक्य आपण जितक्या ठामपणे म्हणतो तितकं ते सरसकट खरं नाही, आणि हे मला मोकळेपणाने सांगायचं आहे.

गोळी पोटात गेली की ती फक्त आजाराच्या जंतूपर्यंत जात नाही. आतड्यात, त्वचेवर, घशात राहणाऱ्या कोट्यवधी निरुपद्रवी जंतूंवरही ती तेवढेच दिवस काम करते. ई. कोलायसारख्या जंतूंमधला प्रतिरोध बराचसा तिथेच वाढतो. म्हणून गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेणं हेही प्रतिरोध वाढवणारंच आहे. गेल्या वीसेक वर्षांत एकामागून एक आजारांत कमी दिवस पुरतात असं दिसून आलं. भारतातच झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास घ्या. दोन महिने ते पाच वर्षं वयाच्या, सौम्य न्यूमोनियाच्या मुलांना काहींना तीन दिवस आणि काहींना पाच दिवस ॲमॉक्सिसिलिन दिलं गेलं. दोन्ही गटांत बरं होण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

म्हणून डॉक्टरांनी तीन दिवस लिहिले तर 'पुरतील का' म्हणून स्वतः दोन वाढवू नका, आणि सात लिहिले तर स्वतः चार कापू नका. काही आजार पूर्णपणे वेगळे आहेत. टीबीचे औषधोपचार निदान सहा महिने चालतात आणि तिथे मध्येच थांबणं खरोखर घातक ठरतं. हाडांचा संसर्ग, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, टायफॉईड, स्ट्रेप्टोकोकसची घसादुखी यांचेही दिवस ठरलेले आहेत. ते पाळलेच पाहिजेत.

विडाल पॉझिटिव्ह आली. टायफॉईड आहे ना? सलाईनमधून इंजेक्शन चालू झालं.

विडाल १८९६ सालची तपासणी आहे. ती जंतू शोधत नाही, रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मोजते. आपल्याकडे लहानपणापासून या ना त्या प्रकारे हा जंतू अंगावरून गेलेला असतो, त्यामुळे निरोगी माणसाचीही विडाल 'पॉझिटिव्ह' येऊ शकते, दुसऱ्या तापातही येऊ शकते. एका विडालवरून टायफॉईड ठरवणं हे आपल्या गावांतल्या विनाकारण अँटिबायोटिकचं फार मोठं उगमस्थान आहे. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण तोच पैसा आणि तीच सुई रक्ताच्या कल्चरसाठी वापरता आली असती.

ताप चार-पाच दिवस उतरत नसेल, कारण सापडत नसेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर सांगा. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीसाठी आठ-दहा मिली रक्त लागतं, "एवढं कशाला?" म्हणून कमी देऊ नका. रक्त कमी पडलं किंवा आधीच गोळी पोटात गेली असली तर जंतू असूनही वाढत नाही. सर्वोत्तम परिस्थितीतही ही तपासणी साधारण साठ टक्के रुग्णांतच जंतू पकडते. म्हणजे ती परिपूर्ण नाही. पण पकडला तर नेमकं औषध सांगते, आणि विडाल ते कधीच सांगू शकत नाही.

टायफॉईडची गोष्ट थोडी लांबवते, कारण गावागावांतला प्रतिरोध कसा चालतो ते तिच्यात स्पष्ट दिसतं. १९४८ साली क्लोरॅमफेनिकॉल आलं आणि टायफॉईडने माणसं दगावणं एकदम कमी झालं. १९७२ मध्ये केरळमधल्या कालिकतला त्या औषधाला दाद न देणारी साथ आली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी क्लोरॅमफेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल ही तिन्ही औषधं एकदम निकामी ठरणारे जंतू देशभर पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. स्वस्त, गोळीतलं, सर्वांच्या खिशात. आज टायफॉईडच्या जंतूवर सिप्रो भरवशाचं राहिलेलं नाही. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रायाक्सोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. तसे जंतू आता आपल्या गुजरातेतही सापडले आहेत.

याच गोष्टीत एक दिलासाही आहे. क्लोरॅमफेनिकॉल आणि को-ट्रायमोक्साझोल टायफॉईडसाठी वापरणं जवळजवळ बंद झालं आणि भारतातले बरेचसे टायफॉईडचे जंतू पुन्हा या जुन्या औषधांना दाद देऊ लागले. इतकी वर्षं गेली, पण ते घडलं.

टायफॉईडची लसही आहे. हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेली टायपबार टीसीव्ही सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते आणि एकच डोस लागतो. नवी मुंबईत २०१८ साली ती महापालिकेतर्फे मुलांना दिली गेली. आपल्या मुलांच्या डॉक्टरांना विचारा. जी मुलं आजारीच पडत नाहीत त्यांना अँटिबायोटिक लागत नाही.

केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतं. मग कायदा काय म्हणतो?

कायद्याने मिळायला नको. अँटिबायोटिक ही 'शेड्यूल एच'ची औषधं, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची. १ मार्च २०१४ पासून त्यांतल्या काहींसाठी 'शेड्यूल एच-१' लागू आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्सोन, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम आणि टीबीची औषधं त्यात येतात. एच-१ औषध विकताना दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते. २०१६ साली केंद्र सरकारने लाल रेषेची मोहीम काढली. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली की ते औषध डॉक्टरशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ.

प्रत्यक्षात संध्याकाळी दुकानात उभं राहिलं की "भाई, तावनी गोळी आपो ने" (तापाची गोळी द्या ना) ऐकू येतं आणि काउंटरवर पॅरासिटामॉलबरोबर दोन कापलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या येतात. कापलेल्या तुकड्यावर ना नाव पूर्ण असतं, ना लाल रेघ. सगळा दोष दुकानदाराला देणं मला पटत नाही. तो नाही म्हणाला तर गिऱ्हाईक चार पावलांवरच्या दुकानात जातं, आणि डॉक्टरची फी, बुडणारी मजुरी ही कारणंही खरी आहेत. पण ज्यांना फी परवडते, वेळही आहे, त्यांनी तरी हा रस्ता धरू नये. चांगला फार्मासिस्ट "काका, चिठ्ठी आणा" म्हणतो तेव्हा त्याच्याकडे पुन्हा जा.

आईंचं वय ८२. ताप नाही, जळजळ नाही, पण रुटीन तपासणीत लघवीत जंतू आलेत. औषध सुरू करावं?

बहुतेक वेळा नाही. वय झालेल्या बायकांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू असणं सामान्य आहे. औषधाने ते जातात, पुन्हा येतात आणि दर वेळी जास्त हट्टी येतात. गरोदर बाई असेल किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर मात्र औषध द्यावं लागतं. ताप, कंबरेच्या बाजूला दुखणं, थंडी वाजणं, लघवीला आग होणं, अशी लक्षणं आली तर गोष्ट वेगळी. त्रास नसताना वारंवार कल्चर पाठवू नका, एवढंच मी माझ्याच लॅबच्या विरोधात जाऊन सांगेन.

उन्हाळ्यात पाणी गढूळ येतं, जुलाब लागतात. ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी घरात ठेवली आहे. ठीक आहे ना?

घरात ठेवायचं ते ओआरएस. बडोद्याचं पाणी आजवा तलावातून आणि महीकाठच्या फ्रेंच विहिरींतून येतं. ते शुद्ध करून सोडलं तरी वाटेत पाइप फुटला आणि गटाराचं पाणी मिसळलं की घोटाळा होतो. अशा वेळी पाणी उकळा आणि वॉर्ड ऑफिसला कळवा. बहुतेक जुलाब आपोआप थांबतात. मुलांना ओआरएसबरोबर चौदा दिवस झिंक द्यायचं असतं. शौचात रक्त, जोराचा ताप, पटकीसारखं तांदळाच्या पेजेसारखं पाणी जाणं, लघवी बंद होणं, ही डॉक्टरकडे जाण्याची कारणं. जोडगोळीत दोन औषधं असतात आणि बऱ्याचदा त्यांतलं एकही लागत नसतं.

विश्वामित्री नदीच्या पुरानंतर सोसायटीत सगळ्यांना डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक वाटलं. ते योग्य होतं का?

सरसकट वाटणं योग्य नाही. सुरत, नवसारी, वलसाडकडे लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा जंतूंचा ताप दर पावसाळ्यात दिसतो. तिथे शेतात किंवा पुराच्या पाण्यात उतरून काम करणाऱ्यांना आरोग्य खातं हे औषध देतं, त्याला आधार आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात जे छातीभर पाण्यात बचावकार्य करत होते, त्यांनी डॉक्टरांना विचारून घेणं समजण्यासारखं आहे. चौथ्या मजल्यावर बसून राहिलेल्यांना त्याची गरज नव्हती. पूर ओसरल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, असं झालं तर मात्र लगेच दाखवा आणि पाण्यात उतरला होतात हे सांगा.

अमेरिकेहून भाचा येतो, जाताना अँटिबायोटिकच्या दहा स्ट्रिपा नेतो. तिकडे सहज मिळत नाही म्हणतो.

तिकडे मिळत नाही ते कारणानेच. देऊ नका.

दूध आणि चिकनमधून अँटिबायोटिक पोटात जातं का?

जाऊ शकतं. गाय-म्हशीच्या कासेला सूज आली की अँटिबायोटिक देतात आणि नंतर ठरावीक दिवस ते दूध विकायचं नसतं. हा काळ पाळला नाही तर अंश दुधात येतो आणि उकळल्याने तो पूर्ण जाईलच असं नाही. उकळण्याने जंतू मरतात, म्हणून उकळणं सोडू नका. कोंबड्यांना आजार नसताना वजन वाढवण्यासाठी अँटिबायोटिक खायला घालण्याची पद्धत जगभर होती. कोलिस्टिन हे आयसीयूतलं शेवटचं औषध, तेही कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली आणि तो निर्णय फार मोलाचा होता. मांस नीट शिजवा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका.

आपलं गाव औषध कारखान्यांचं. त्यांच्या सांडपाण्याचा यात हात आहे का?

बडोद्याला औषधं बनवण्याची जुनी परंपरा आहे. अलेम्बिकची सुरुवात १९०७ सालची. या उद्योगाने आपल्याला स्वस्त औषधं आणि हजारो घरांना पगार दिले, हे मी विसरत नाही. कुठल्या एका कारखान्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण सांडपाण्यात अँटिबायोटिक राहिलं तर काय होतं ते हैदराबादजवळच्या पटनचेरूने दाखवलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिथल्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. उपचार घेणाऱ्या माणसाच्या रक्तातही एवढं नसतं. अशा पाण्यात जंतूंची निवड रात्रंदिवस चालते.

जानेवारी २०२० मध्ये केंद्राने सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकच्या प्रमाणावर मर्यादांचा मसुदा काढला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा राहिल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कारखान्यांसाठी मार्गदर्शक मर्यादा दिल्या आहेत. त्या आपल्याकडे सक्तीच्या व्हाव्यात आणि तपासणीचे आकडे लोकांना दिसावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दह्याने फायदा होतो का? आणि उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

दही खा, चांगलंच आहे, पण टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोबरोबर लगेच नको, कारण कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. दोन तासांचं अंतर ठेवा. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपू नका, कामवालीबाईंच्या मुलाला देऊ नका, बेसिनमध्ये टाकू नका. केमिस्ट परत घेतो का विचारा. घेत नसेल तर पाकिटातून काढून, चहाच्या चोथ्यात मिसळून, बांधून कचऱ्यात.

नवी औषधं येतच असतील ना?

येतात, पण फार हळू, आणि येतात ती महाग. जीवाणूंच्या प्रतिरोधामुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट झाले, असा अंदाज आहे. नव्या औषधावर भरवसा ठेवून जुनं उधळण्याइतकी सवड आपल्याकडे नाही.

सगळे घेतात. मी एकट्याने नाही घेतलं तर काय फरक पडणार?

तुमच्या स्वतःच्या आतड्यात फरक पडतो, पुढच्या वर्षभरात तुम्हाला खरंच औषध लागलं तर ते चालण्याची शक्यता वाढते. घरात लहान बाळ, डायबेटिस असलेले आजोबा, कॅन्सरचा रुग्ण असेल तर त्यांनाही फायदा होतो. आणि पुष्कळांनी मिळून केलं तर देशाचे आकडे बदलतात, याचा पुरावा आहे. फिनलंडमध्ये घशाच्या स्ट्रेप्टोकोकसवर एरिथ्रोमायसिन चालेना. १९९१ नंतर तिथल्या डॉक्टरांनी हे आणि त्या गटातली औषधं बाह्यरुग्णांना देणं जवळपास निम्म्यावर आणलं. दाद न देणाऱ्या जंतूंचं प्रमाण १९९२ मध्ये १६.५ टक्के होतं, ते १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आलं. सगळ्या जंतूंच्या बाबतीत इतक्या लवकर हे होत नाही. ई. कोलाय जास्त चिवट आहे. पण वाढ थांबवणं तरी शक्य आहे.

डॉक्टरांना उलट विचारलं की त्यांना राग येतो. कसं विचारायचं?

अनेक डॉक्टर अँटिबायोटिक लिहितात ते आपल्याला ते हवं असेल या समजुतीने. आपणच बोललो तर त्यांनाही मोकळं वाटतं. मी घरच्यांना तीन वाक्यं शिकवली आहेत. "डॉक्टर, हा व्हायरल असू शकेल का? असेल तर दोन दिवस वाट पाहायची आमची तयारी आहे." "अँटिबायोटिक द्यायचं असेल तर आधी कल्चर पाठवू का?" "किती दिवस घ्यायचं आणि काय झालं तर लगेच परत यायचं?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. रात्री ताप चढला की तेच उपयोगी पडतं.